लग्नाची यादी आणि पायथनची लिस्ट

घरात लग्न ठरले की मुहूर्तमेढीच्याही आधी एक वही विकत येते. पहिल्या पानावर वर 'श्री' काढायचा आणि खाली एकेक नाव उतरवायचे. आपल्या भागातल्या घरांत या वहीची तऱ्हा जरा निराळीच असते. आई निपाणीकडची, बाबांचे आजोळ गोकाकचे, आत्या हुबळीला दिलेली, धाकटी सून धारवाडहून आलेली. त्यामुळे वहीत निम्मी नावे मराठीत, निम्मी कन्नड लिपीत आणि मधेच कुणा पुतण्याने घाईत इंग्रजीत खरडलेली दोन-चार. आजीने एकदा कन्नडमध्ये लिहिलेले नाव तीन पानांनंतर आईने मराठीत पुन्हा लिहिलेले असते. एका घरी पत्रिका दोनदा गेली तर लोक हसून सोडून देतात. पण नाव राहूनच गेले तर? 'आम्हाला कोण विचारतंय!' हे वाक्य मग पुढची दहा वर्षे प्रत्येक बारशाला आणि बाराव्याला ऐकावे लागते.

त्याच घरात, त्याच वेळी, एखादा मुलगा किंवा मुलगी संगणकासमोर बसून पायथन ही भाषा शिकत असते. सी.बी.एस.ई.च्या अकरावीच्या संगणकशास्त्रात पायथन आहे, बेळगावात मुख्यालय असलेल्या विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या अभियांत्रिकी शिक्षणातही आहे. 'लिस्ट' हा धडा आला की पुस्तक फळांची यादी देते. ॲपल, बनाना, मँगो. यातले एक काढा, एक घाला, उलट क्रमाने छापा. मुले ते करतात आणि परीक्षा झाली की विसरतात. केळे यादीतून गळाले म्हणून कुणाचे काय बिघडणार? माझे म्हणणे असे, की या मुलांच्या हाती ती लग्नाची वही द्यावी. चूक झाली तर गोकाकचे मामा रुसतील, हे ठाऊक असले की लिस्ट डोक्यात पक्की बसते.

पायथन म्हणजे अजगर नव्हे, हे आधी सांगून टाकतो. १९८९ च्या नाताळच्या सुट्टीत ॲमस्टरडॅमच्या एका गणित व संगणक संशोधन संस्थेत काम करणाऱ्या गीडो व्हॅन रॉसम या डच गृहस्थांनी ही भाषा रचायला घेतली आणि १९९१ मध्ये ती लोकांपुढे आली. नाव घेतले ते 'माँटी पायथन' या बीबीसीवरच्या विनोदी मालिकेवरून. भाषा फुकट मिळते. आज चालते ती तिसरी आवृत्ती, २००८ ची. दुसरीचा सांभाळ १ जानेवारी २०२० पासून थांबला आहे, तेव्हा घरात एखादे जुने पुस्तक असेल तर त्यातले प्रोग्राम जसेच्या तसे चालतील असे धरू नका.

आपला प्रोग्राम अगदी साधा आहे. रंगीत बटणे नाहीत, चित्रे नाहीत, माउसचे काम नाही. काळ्या खिडकीत संगणक प्रश्न विचारतो, आपण टंकून उत्तर देतो. यालाच कमांड लाइन म्हणतात. जुन्या विंडोजच्या काळ्या खिडकीत देवनागरीऐवजी चौकोन दिसू शकतात. तसे झाले तर घाबरू नका, पायथनबरोबर येणाऱ्या 'आयडल' नावाच्या खिडकीत काम करा.

पहिली ओळ एवढीच: यादी, बरोबरचे चिन्ह आणि एक रिकामा चौकोनी कंस. झाली कोरी वही तयार. इथे 'यादी' हा शब्द खरोखरच देवनागरीत लिहिता येतो. आपण वस्तूंना दिलेली नावे तिसरी आवृत्ती कोणत्याही लिपीत चालवून घेते, कन्नडमध्येसुद्धा. शिवाय उत्तर कर्नाटकातल्या कन्नडमध्येही 'यादी' शब्द रुळलेला आहे, म्हणजे दोन्हीकडच्या आजींना कळेल असेच नाव झाले. पायथनचे स्वतःचे शब्द मात्र इंग्रजी स्पेलिंगनेच द्यावे लागतात. प्रिंट, इनपुट, ॲपेंड हे सगळे लहान अक्षरांत.

पुढे एक न संपणारा फेरा. 'व्हाइल ट्रू' लिहिले की त्याखालच्या, थोड्या आत सरकवलेल्या ओळी पुन्हा पुन्हा चालतात. त्यातला 'ट्रू'चा पहिला टी तेवढा मोठा. प्रत्येक फेऱ्यात संगणक विचारतो: १ नवे नाव, २ नाव काढा, ३ नाव शोधा, ४ सगळी यादी दाखवा, ५ बंद करा. आपण आकडा देतो आणि 'इफ'च्या पायऱ्यांवरून तो योग्य त्या कामाकडे जातो. पाच दिले की 'ब्रेक', फेरा संपला. सगळे मिळून तीस-चाळीस ओळी होतात. शाळकरी मुलाला एक दुपार पुरते.

एक बारकावा इथेच सांगतो. 'इनपुट'ने आलेली प्रत्येक गोष्ट पायथनच्या लेखी मजकूर असते, आकडा दिला तरीही. त्याला 'इंट'मधून काढले की त्याची खरी संख्या होते. गंमत अशी, की 'इंट'ला देवनागरीतला १२ चालतो, कन्नड अंकांतला बाराही चालतो आणि इंग्रजीतला तर चालतोच. तिन्हींचे उत्तर एकच, बारा. आजोबांनी कन्नड अंकांत 'किती माणसे' हे टंकले तरी बेरीज चुकत नाही.

नवे नाव घालायला ॲपेंड. ते नेहमी यादीच्या शेवटी जाऊन बसते. मानाचे नाव वर घ्यायचे असेल तर इन्सर्ट, त्याला जागेचा क्रमांक सांगावा लागतो. आणि ही मोजणी शून्यापासून सुरू होते. पहिले नाव शून्य क्रमांकावर, दुसरे एकवर. नव्या मुलांना हे विचित्र वाटते. पण आपण इमारतीत तळमजला सोडूनच मजले मोजतो की! तळमजला शून्य, त्यावरचा तो पहिला. एड्सगर डाइक्स्ट्रा या दुसऱ्या एका डच संगणकशास्त्रज्ञाने १९८२ मध्ये मोजणी शून्यापासूनच का असावी यावर एक छोटे टिपण लिहिले होते. ते पटो वा न पटो, आजीला 'शून्य नंबरचे पाहुणे' असे काही दाखवू नका. छापताना क्रमांकात एक मिळवा आणि ती सांगेल त्या क्रमांकातून एक वजा करा. हे मुलाने करायचे, आजीने नव्हे.

नाव काढायला रिमूव्ह. त्याच्या दोन खोडी. जे नाव यादीत नाहीच ते काढायला सांगितले तर तो चूक दाखवून सगळा प्रोग्रामच बंद पाडतो. म्हणून आधी 'इन' वापरून नाव आहे का ते पाहावे. दुसरी खोड जास्त घातक. तेच नाव दोनदा असेल तर रिमूव्ह पहिलेच काढतो आणि गप्प बसतो. आपल्या जिल्ह्यात 'पाटील काका' एक असतात थोडेच? खानापूरचे पाटील काका येणार नाहीत म्हणून नाव काढायला जावे आणि निघावेत अथणीचे, कारण ते यादीत आधी होते. यावर उपाय म्हणजे नुसते नाव न ठेवता प्रत्येक घराची एक छोटी लिस्टच करावी: नाव, गाव, कोणत्या बाजूचे, किती माणसे. मोठ्या लिस्टमध्ये अशा छोट्या लिस्ट. डब्यात डबा ठेवतो तसेच.

आता ज्या दोन जागी हमखास घोटाळा होतो, तिथे थोडे थांबू या.

पहिली जागा पंगतीची. समजा यादीत सहा घरे आहेत. मुलाने प्रोग्राम लिहिला: यादीतल्या प्रत्येक घरासाठी पत्रिकेवरचा पत्ता छाप, आणि छापून झाला की ते घर यादीतून काढ. वाचायला अगदी बरोबर वाटते. चालवला, की पत्ते छापले जातात तीनच. पहिला, तिसरा आणि पाचवा. दुसरे, चौथे आणि सहावे घर यादीत तसेच राहते. संगणक चूक दाखवत नाही, कुरकुरत नाही.

असे का होते? पंगत डोळ्यांपुढे आणा. वाढपी पहिल्या पाटाशी वाढून झाला, तेवढ्यात तो पाहुणा उठला आणि सगळी पंगत एकेक पाट पुढे सरकली. दुसरा पाहुणा आता पहिल्या पाटावर आला. वाढपी मात्र ठरल्याप्रमाणे दुसऱ्या पाटाकडे गेला. तिथे बसला आहे तिसरा पाहुणा. मधला उपाशीच. पायथनचा फेरा असाच पाटांचे क्रमांक धरून चालतो, माणसांचे चेहरे पाहत नाही. म्हणून चालू फेऱ्यात त्याच यादीतून काही काढू नये. सगळ्यांचे पत्ते आधी छापून घ्यावेत आणि मग यादी रिकामी करावी. किंवा ज्यांना ठेवायचे आहे त्यांचीच वेगळी, नवी यादी करावी. हा प्रोग्राम सहा नावांवर चालवून बघितला तर दोन मिनिटांत दोष दिसतो. चारशे नावांवर थेट चालवला तर दोनशे घरे पत्रिकेविना राहतात आणि ते कळते लग्नानंतर.

दुसरी जागा नावांची. साखरपुड्याला मोजकीच माणसे बोलवायची असतात. मुलगा लिहितो: साखरपुडा बरोबर यादी. त्याला वाटते, आता वहीची एक प्रत तयार झाली. मग साखरपुड्यातून लांबची घरे काढतो. पुढे लग्नाची यादी उघडतो तर तिथूनही ती नाहीशी! कारण प्रत झालेलीच नव्हती. एकाच वहीला दोन नावे पडली, एवढेच. आपल्याकडे मुलीला माहेरचे नाव वेगळे आणि सासरचे वेगळे असते, पण ताप आला तर तो एकीलाच येतो. तसे हे. खरी प्रत हवी असेल तर यादीपुढे टिंब देऊन 'कॉपी' म्हणावे लागते. त्यातही पोट-खोडी आहे. आपण प्रत्येक घराची छोटी लिस्ट केली आहे ना, त्या आतल्या लिस्ट दोन्ही वह्यांत त्याच राहतात. घर काढले तर एकाच वहीतून जाईल, पण साखरपुड्याच्या यादीत 'किती माणसे' पाचाची दोन केली तर लग्नाच्या यादीतही दोनच होतील. आतल्या डब्यांसकट प्रत हवी असेल तर 'डीपकॉपी' नावाची वेगळी सोय आहे.

क्रम लावायला सॉर्ट. 'यादी बरोबर यादी सॉर्ट' असे लिहिले तर यादीच गायब होते, कारण सॉर्ट जागच्या जागी क्रम लावतो आणि परत काहीच देत नाही. ते 'काहीच नाही' आपण यादीत भरून बसतो. एवढे सांभाळले की पुढची मौज बघण्यासारखी आहे, आणि ती खास आपल्याच घरांतली आहे.

संगणक अक्षरे ओळखत नाही, त्यांचे क्रमांक ओळखतो. युनिकोड या व्यवस्थेत जगातल्या बहुतेक लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक दिले आहेत. देवनागरी 'क'चा क्रमांक २३२५. कन्नड 'क'चा ३२२१. सॉर्ट हा क्रमांक पाहून रांग लावतो. त्यामुळे मिश्र यादीत इंग्रजी नावे आधी, मग सगळी मराठी, आणि सगळी कन्नड शेवटी. यात कुणाचा मान-अपमान नाही आणि सीमेचा वादही नाही. मराठीतही तो शंभर टक्के शहाणा नाही. आपल्या वर्णमालेत 'ळ' हा 'ह'च्या नंतर येतो, युनिकोडमध्ये तो 'ल'च्या लगेच पुढे आहे. 'ज्ञ' शेवटी न जाता 'ज'च्या घरात जातो. आणि 'साखर' शब्दात किती अक्षरे असे 'लेन'ला विचारले तर तो चार सांगतो. काना वेगळा मोजतो म्हणून.

आता मूळ दुखणे. आजीने कन्नडमध्ये लिहिलेला 'मारुती' आणि आईने मराठीत लिहिलेला 'मारुती' ही पायथनच्या लेखी दोन वेगळी माणसे. 'इन'ने शोधले तर आईचा सापडेल, आजीचा नाही. पण ते दोन क्रमांक पुन्हा पाहा. ३२२१ मधून २३२५ वजा करा. उत्तर ८९६. आता 'म' घ्या, 'र' घ्या, 'त' घ्या, काना घ्या, उकार घ्या. दर वेळी फरक ८९६ च! हा योगायोग नव्हे. भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' नावाची जी सामाईक मांडणी आपल्याकडे आधी झाली होती, तिच्याच धर्तीवर युनिकोडमध्ये या लिप्यांची घरे मांडली गेली. दोन्ही लिप्या ब्राह्मीच्याच लेकी, त्यामुळे एकीच्या कपाटात जो कप्पा, तोच साधारण दुसरीच्या कपाटातही.

मग मुलाला काम द्या. कन्नड नावातले प्रत्येक अक्षर लिस्टमध्ये घे, 'ऑर्ड'ने त्याचा क्रमांक काढ, ८९६ वजा कर, 'सीएचआर'ने परत अक्षर कर आणि सगळी अक्षरे जोड. फक्त कन्नड अक्षरांनाच हात लाव, मधल्या मोकळ्या जागेला नको. आठ-दहा ओळींत कन्नड 'मारुती' मराठीत उभा राहतो. कन्नडमध्ये लिहिताना शेवटचा इकार ऱ्हस्व असेल तर मराठीतही 'मारुति' असा ऱ्हस्वच येतो, आणि मग दीर्घ लिहिणाऱ्या आईच्या नावाशी तो जुळत नाही. अडचणी आणखीही आहेत. कन्नडमध्ये ऱ्हस्व ए आणि दीर्घ ए असे दोन आहेत, ओही दोन. कन्नड 'अत्ते'चा शेवटचा ए ऱ्हस्व, तो आपल्या नेहमीच्या मात्रेवर येऊन बसत नाही. उलट दिशेने 'डॉक्टर'मधल्या अर्धचंद्राला कन्नडच्या कपाटात जोडीचा कप्पाच नाही. म्हणून यंत्राने एवढेच म्हणावे: 'हे नाव आधीच्या अमुक नावासारखे दिसते, तेच का?' निर्णय घरातल्या माणसांनी घ्यावा. जी आई फक्त मराठी वाचते आणि जी आजी फक्त कन्नड, त्या दोघी एका यादीवर बोट ठेवून बोलू लागतात, हे काम चाळीस ओळींच्या प्रोग्रामने केले तर मला ते पुष्कळ वाटते.

राहता राहिली साठवण. लिस्ट संगणकाच्या चालत्या आठवणीत असते. प्रोग्राम बंद झाला किंवा वीज गेली की वही कोरी. म्हणून प्रत्येक नव्या नावानंतर यादी फाइलमध्ये लिहावी, एका ओळीवर एक घर. फाइल उघडताना 'यूटीएफ-८' असे स्पष्ट सांगावे, नाहीतर विंडोजवर मराठी-कन्नडचा चिवडा होऊ शकतो. फाइल 'डब्ल्यू' प्रकाराने उघडली की जुना मजकूर त्याच क्षणी पुसला जातो, हे ध्यानात ठेवून आदल्या दिवसाची एक प्रत वेगळ्या नावाने ठेवावी. परत वाचताना प्रत्येक ओळीच्या शेपटाला न दिसणारे 'नवी ओळ' हे चिन्ह चिकटलेले असते. ते 'स्ट्रिप'ने काढले नाही तर डोळ्यांना दिसणारे मामा शोधात सापडत नाहीत.

कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? एक्सेल आहे, मोबाइल आहे, आणि आता तर चॅटजीपीटीला सांगितले की अख्खा प्रोग्राम लिहून मिळतो. खरे आहे. नुसते लग्नच पार पाडायचे असेल तर दोनशे पानी वहीदेखील पुरते. पण हातात आयता आलेला प्रोग्राम एक सोडून एक घर वगळतो आहे, हे ओळखायला पंगतीतला तो घोळ एकदा स्वतः पाहिलेला असावा लागतो.

तेव्हा वाचकहो, घरात कार्य असेल तर सुट्टीतल्या एका दुपारी मुलांना कामाला लावा. आधी सहाच नावे, त्यांतली दोन सारखी, दोन कन्नडमध्ये. घाला, काढा, बंद करा, पुन्हा उघडा आणि बोटांवर मोजून पाहा. ते जमले की खरी वही. आणि पत्रिका छापायला टाकण्याआधी सगळी यादी ठळक अक्षरांत कागदावर काढून आजीला वाचून दाखवा. ती दोन्ही बाजू ऐकून घेईल, चष्मा काढून पुसेल आणि म्हणेल, "सगळं खरं, पण बैलहोंगलची धाकटी जाऊ कुठाय यात?"